एट माइल रोडच्या अल्याड-पल्याड

तुम्ही डेट्रॉइटच्या आसपास राहत असाल, किंवा तिथे तुमचं कुणी राहत असेल, तर नोवीहून ट्रॉयला जायचा रस्ता तुमच्या ओळखीचा असेल. ६९६ नंबरचा हायवे घ्यायचा, पुढे ७५ ला लागायचं, गर्दी नसेल तर अर्ध्या तासात पोचायचं. २०१३ ते २०२२ या दहा वर्षांत तुम्ही हा प्रवास केला असेल, तर एक गंमत तुमच्या नकळत घडत होती. तुम्ही अमेरिकन काँग्रेसच्या ११व्या मतदारसंघातून निघत होतात. फार्मिंग्टन हिल्सला १४वा लागायचा. साउथफील्ड, ओक पार्क मागे टाकून रॉयल ओकपाशी आलात की ९वा. आणि ट्रॉयला पोचेपर्यंत पुन्हा ११वा! म्हणजे घरून निघताना जो खासदार तुमचा होता, तोच दोन परके मतदारसंघ ओलांडल्यावर पुन्हा तुमच्या स्वागताला हजर.

अमेरिकेतल्या मतदारसंघांच्या रेषांबद्दल आम्ही पॉडकास्टवर बोललो, तेव्हा मिशिगनची गोष्ट घाईत उरकली होती. ती इथे नीट सांगतो. 'जेरीमँडरिंग' म्हटलं की आपल्याला वाटतं, राजकारण्यांनी लबाडीनं रेषा आखल्या, निवडणूक खिशात घातली, संपलं. मिशिगनमध्ये लबाडी झालीच. पण त्या रेषांच्या आत राहणारी माणसं जागची हलली, त्यांनी पक्ष बदलले, आणि रेषा आखणाऱ्यांचे हिशेब चुकले. पुढे लबाडी काढून टाकायला जे बसले, त्यांचेही.

शब्दाचा जन्म सगळ्यांना माहीत असतो, म्हणून थोडक्यात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यानं आपल्या पक्षाला सोयीच्या मतदारसंघांवर सही केली. एसेक्स काउंटीतला एक मतदारसंघ सॅलमँडरसारखा, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्यासारखा दिसत होता. बॉस्टनच्या वृत्तपत्रानं त्याला पंख आणि नखं काढून 'गेरी-मँडर' असं नाव ठेवलं. (स्वतः गेरी आपल्या नावाचा उच्चार 'ग'नंच करायचा. 'जेरी' त्याला पुढच्या लोकांनी करून टाकलं.) राज्याच्या सिनेटसाठी विरोधी फेडरलिस्टांना मतं जास्त पडली, तरी ४० पैकी २९ जागा गेरीच्या पक्षाला गेल्या. गेरी स्वतः मात्र गव्हर्नरपदाची निवडणूक हरला, कारण गव्हर्नर अख्खं राज्य निवडतं आणि राज्याची हद्द काही त्याला वाकवता आली नव्हती.

युक्त्या तेव्हाही दोनच होत्या आणि आजही दोनच आहेत: कोंबणं आणि फोडणं. समजा तीन मतदारसंघ आहेत, प्रत्येकात १०० मतदार. तुमच्या पक्षाकडे १४० मतं, समोरच्याकडे १६०. सरळ हिशेबानं तुम्ही हरायला हवं. पण पेन्सिल तुमच्या हातात असेल तर समोरच्याचे ७० मतदार एका मतदारसंघात कोंबा, तिथे ३० आपले सोडून द्या. उरलेल्या दोन मतदारसंघांत त्यांचे ४५-४५ येतील, तुमचे ५५-५५. तीनपैकी दोन जागा तुमच्या. आता या ५५-४५ कडे जरा बघून ठेवा. त्यातल्या प्रत्येकी सहा जणांनी मन बदललं तर ४९-५१ होतं, आणि दोन्ही जागा एकदम जातात. हाव जितकी जास्त, तितकं मताधिक्य पातळ. असा नकाशा आखणाऱ्यावरच उलटला तर इथले अभ्यासक त्याला 'डमीमँडर' म्हणतात.

मिशिगनमधला पहिला मोठा वाद मात्र रेषांच्या वाकडेपणाचा नव्हता, ढिलाईचा होता. गाड्यांच्या कारखान्यांनी डेट्रॉइट फुगलं, १९५० साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात गेली. पण राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ लोकसंख्येप्रमाणे बदलत नव्हते. १९५२ साली तर ते राज्यघटनेतच गोठवले गेले. परिणाम असा की, मेनन विल्यम्स हा डेमोक्रॅट गव्हर्नर सलग सहा वेळा निवडून आला, पण त्याच्या बारा वर्षांत सिनेट एकदाही त्याच्या पक्षाकडे आली नाही. उत्तरेकडच्या जंगलातल्या तुरळक वस्तीचा आमदार आणि डेट्रॉइटच्या दाट वस्तीचा आमदार, दोघांचं मत सभागृहात सारखंच. ऑगस्ट शॉल या कामगार पुढाऱ्यानं याविरुद्ध खटला भरला. १९६४ साली सुप्रीम कोर्टानं 'रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स' या अलाबामाच्या खटल्यात सांगितलं की, राज्याच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येनं सारखे हवेत. त्याच वर्षी मिशिगनमध्ये नव्या रेषांवर निवडणूक झाली आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे गेली.

आता न्याय झाला असं वाटायला हरकत नव्हती. पण डेट्रॉइटची माणसं शहरात राहिलीच नाहीत.

एट माइल रोड ही डेट्रॉइटची उत्तरेची हद्द. मूळची ती मोजणीची रेष. मिशिगनची जमीन मोजली गेली ती या रेषेला पाया धरून. पुढे ती माणसांमधली रेष झाली. १९४१ साली या रस्त्याजवळ एका बिल्डरनं अर्धा मैल लांब, सहा फूट उंच भिंत बांधली. शेजारी काळ्या लोकांची वस्ती असल्यामुळे त्याच्या नव्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळत नव्हतं, भिंत घातल्यावर मिळालं. भिंत आजही उभी आहे, तिच्यावर चित्रं रंगवली आहेत. युद्धानंतर, आणि १९६७ च्या दंगलीनंतर तर झपाट्यानं, गोरी कुटुंबं एट माइलच्या पलीकडे गेली. कामगारवर्ग मुख्यतः मॅकोंब काउंटीत, खिशात जास्त पैसे असलेले ओकलंड काउंटीत.

मॅकोंबवर थोडं थांबतो, कारण या काउंटीला अमेरिकन राजकारणातली प्रयोगशाळाच म्हणायला हवं. १९६० साली तिथे केनेडीला ६३ टक्के मतं होती. उपनगरी काउंट्यांमध्ये इतकी डेमोक्रॅटिक काउंटी देशात दुसरी नव्हती. १९८४ साली त्याच मॅकोंबनं रेगनला दोन तृतीयांश मतं दिली. माणसं तीच, युनियनचं कार्डही तेच. १९८५ साली स्टॅन्ली ग्रीनबर्ग या अभ्यासकानं तिथल्या मतदारांना बसवून बोलतं केलं. त्याला जे ऐकू आलं त्याचा गाभा असा, की आमचा पक्ष आता आमचा राहिला नाही, तो एट माइलच्या अलीकडच्यांचा झाला. 'रेगन डेमोक्रॅट' हे नाव ज्यांच्यावरून रूढ झालं, ते हे लोक.

त्याच सुमारास एक लहानशी वाटणारी घटना घडली. डेमोक्रॅट गव्हर्नर ब्लँचर्ड यांनी १९८३ मध्ये आयकर वाढवला. संतापलेल्या मतदारांनी दोन सिनेटरांना मुदतीआधीच परत बोलावलं, एक ओकलंडमधल्या पाँटिअॅकचा, दुसरा मॅकोंबमधल्या माउंट क्लेमन्सचा. त्या दोन जागांमुळे १९८४ मध्ये सिनेट रिपब्लिकनांकडे गेली. ती पुढे जवळजवळ चाळीस वर्षं त्यांच्याकडेच राहिली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या चाळीस वर्षांचं सगळं श्रेय जेरीमँडरिंगला देणं चूक आहे. डेट्रॉइटच्या अनेक मतदान केंद्रांवर डेमोक्रॅटांना नव्वद टक्क्यांवर मतं पडतात. कुणी न कोंबताच ते मतदार कोंबलेले आहेत. भूगोलानं अर्धं काम केलेलंच होतं. २०११ साली रिपब्लिकनांनी उरलेलं अर्धं केलं.

२०१० च्या लाटेत गव्हर्नर, सिनेट आणि हाउस तिन्ही त्यांच्या हाती आली होती. भारतात हे काम परिसीमन आयोग करतो, त्याच्या प्रमुखपदी न्यायाधीश असतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत आमदारच मतदारसंघ आखतात, स्वतःचेसुद्धा. शेतकऱ्यानंच बांध कुठे घालायचा ते ठरवावं आणि मोजणीदारही त्यानंच व्हावं, असा कारभार. तर त्यांनी १४वा मतदारसंघ असा आखला, की डेट्रॉइटच्या पूर्वेकडच्या ग्रोस पॉइंटपासून निघून, शहराच्या आतून, एट माइल ओलांडून, साउथफील्ड, फार्मिंग्टन हिल्स करत तो पार पाँटिअॅकपर्यंत जायचा. वाटेतले जितके डेमोक्रॅट सापडतील तितके पोटात घालून. त्याच्याभोवती ११वा मतदारसंघ गुंडाळलेला, नोवी, लिव्होनिया, कँटनपासून वरून वळसा घालून ट्रॉयपर्यंत. पुढे कोर्टात उघड झालेल्या ईमेलमध्ये एका कर्मचाऱ्यानं आग्नेय मिशिगनचा डेमोक्रॅटिक 'कचरा' चार मतदारसंघांत कोंबण्याची भाषा वापरली होती. कोंबणं हा शब्द मी वर वापरला तो माझा नाही म्हणायचा!

२०१२ साली ओबामांनी मिशिगन साडेनऊ टक्क्यांनी जिंकलं. काँग्रेससाठी डेमोक्रॅटांना रिपब्लिकनांपेक्षा दोन लाखांहून जास्त मतं पडली. जागा मिळाल्या १४ पैकी ५. राज्याच्या हाउसमध्ये मतं जवळपास ५४ टक्के, जागा ११० पैकी ५१. त्या वर्षी ११व्या मतदारसंघात जुन्या खासदाराचा अर्ज बोगस सह्यांमुळे बाद झाला आणि निवडून आला कोण, तर रेनडिअर पाळणारा आणि नाताळात सांताक्लॉज होणारा केरी बेंटिव्होलिओ. मतदारसंघ नीट आखला असेल तर उमेदवार कोण आहे याला किती कमी महत्त्व उरतं, ते यावरून दिसतं.

आणि इथून हिशेब बिघडायला लागला.

२०११ चा नकाशा ओकलंडच्या सुखवस्तू उपनगरांवर उभा होता. शिकलेले, चांगल्या पगाराचे, कर कमी हवा असलेले मतदार रिपब्लिकनांनाच मत देणार, हे गृहीत होतं. म्हणून ते फार दाटीनं न ठेवता ८व्या आणि ११व्यात पातळ पसरले होते. आपल्या उदाहरणातले ५५-४५. ट्रम्प आले आणि हेच मतदार, विशेषतः शिकलेल्या स्त्रिया, त्या पक्षातून बाहेर पडल्या. त्यात ट्रॉय, नोवी, कँटनसारख्या गावांत आशियाई कुटुंबं वाढत गेली होती, आपलीही. २०१८ मध्ये हेली स्टीव्हन्स यांनी ११वा आणि एलिसा स्लॉटकिन यांनी ८वा जिंकला, दोघीही डेमोक्रॅट. ज्या रेषा त्यांना अडवायला आखल्या होत्या, त्याच रेषांच्या आत. काँग्रेसच्या जागा झाल्या ७-७.

याच काळात मॅकोंब उलट्या दिशेनं गेली. २०१२ मध्ये ओबामांना, २०१६ मध्ये ट्रम्पना. ट्रम्प यांनी मिशिगन जिंकलं १०,७०४ मतांनी, एकट्या मॅकोंबमधली आघाडी ४८ हजारांवर. एट माइलच्या पलीकडच्या दोन शेजारी काउंट्यांनी आपापले पक्ष जवळजवळ अदलाबदल करून घेतले.

पण राज्याच्या सभागृहांचे मतदारसंघ लहान, तिथली तटबंदी पक्की. २०१८ मध्ये डेमोक्रॅटांना निम्म्याहून जास्त मतं मिळूनही हाउस ५८-५२ आणि सिनेट २२-१६ अशी रिपब्लिकनांकडेच राहिली. लाट आली की नकाशा फुटतो, हे अर्धसत्य आहे. काही नकाशे फुटतात, काही नुसते ओले होतात.

२०१६ च्या निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी केटी फाहे या २७ वर्षांच्या तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, की मला मिशिगनमधल्या जेरीमँडरिंगशी लढायचंय, कुणाला यायचं असेल तर सांगा. शेवटी हसरा चेहरा. राजकारणाचा तिला काही अनुभव नव्हता. त्यातून 'व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स' ही चळवळ उभी राहिली, स्वयंसेवकांनी चार लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या, आणि २०१८ मध्ये ६१ टक्के मतदारांनी राज्यघटना बदलली. बदल वेळेवर झाला म्हणायचं. कारण २०१९ च्या एप्रिलमध्ये फेडरल कोर्टानं मिशिगनचे ३४ मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले, पण जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं 'रूचो' खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की पक्षीय जेरीमँडरिंग कितीही अन्यायाचं असलं तरी फेडरल कोर्ट त्यात पडणार नाही. ३४ मतदारसंघांचा तो निकाल रद्द झाला.

नवा आयोग १३ नागरिकांचा. ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले, चिठ्ठ्या टाकून निवडलेले. पुढारी, उमेदवार, लॉबिस्ट यांना बंदी. बैठका जाहीर. नकाशांना झाडांची नावं: काँग्रेसचा चेस्टनट, सिनेटचा लिंडन, हाउसचा हिकरी. २०२२ मध्ये त्यांवर निवडणूक झाली. डेमोक्रॅटांनी हाउस ५६-५४ आणि सिनेट २०-१८ अशी जिंकली. १९८४ नंतर प्रथमच. पुढच्याच वर्षी त्यांनी १९३१ चा गर्भपातबंदीचा कायदा रद्द केला आणि युनियनना खिळखिळं करणारा 'राइट टु वर्क' कायदा मागे घेतला. बातम्यांत हे सगळं 'सुधारणेचा विजय' म्हणून आलं.

आता त्याच नकाशाकडे एट माइलच्या अलीकडून बघा.

आयोगाला पक्षीय समतोल साधायचा होता. डेट्रॉइटचे मतदार एका जागी दाटलेले, म्हणून शहर चाकाच्या आऱ्यांसारखं कापलं. शहराचा एक तुकडा, त्याला एट माइलपलीकडच्या मॅकोंब-ओकलंडच्या गोऱ्या उपनगराची लांब पट्टी. बऱ्याच मतदारसंघांत काळ्या मतदारांचं प्रमाण ३५ ते ४५ टक्क्यांवर आलं. सल्लागारांनी सांगितलं, एवढं पुरे, काळ्या मतदारांचा उमेदवार निवडून येईल. पण त्यांचा आधार नोव्हेंबरच्या निवडणुकांचे आकडे होते. डेट्रॉइटमध्ये नोव्हेंबरला निकाल लागतच नाही, तो ऑगस्टच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत लागून गेलेला असतो. आणि प्रायमरीत ४० टक्के म्हणजे ४० टक्केच. २०२२ नंतर मिशिगनच्या विधिमंडळातले काळे आमदार २० वरून १७ झाले, आणि तेही त्यांच्याच पक्षाच्या ऐतिहासिक विजयात.

काही डेट्रॉइटकर कोर्टात गेले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तीन न्यायाधीशांनी १३ मतदारसंघ, हाउसचे ७ आणि सिनेटचे ६, घटनाबाह्य ठरवले. कारण रेषा मुख्यतः वंश बघून ओढल्या होत्या. पक्षीय लबाडी टाळण्यासाठी नेमलेल्या, चिठ्ठीनं निवडलेल्या साध्या नागरिकांवर हा ठपका आला. मला त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण शहरातल्या लोकांनी सुनावण्यांत हेच ओरडून सांगितलं होतं, आणि आयोगानं ते ऐकून घेतलं, ऐकलं नाही.

२०२२ साली आपल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक आनंदाची बातमी फिरत होती. बेळगावात वाढलेले, 'ही श्रीची इच्छा' हे आत्मचरित्र मराठीत लिहिणारे श्री ठाणेदार काँग्रेसमध्ये निवडून आले होते. मतदारसंघ मिशिगनचा नवा १३वा, डेट्रॉइटचा बराच मोठा भाग त्यात. अभिनंदनांच्या त्या पुरात एक गोष्ट क्वचितच कुणी लिहिली. १९५५ साली चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेले तेव्हापासून डेट्रॉइटचा किमान एक काळा प्रतिनिधी वॉशिंग्टनमध्ये होता. तीन चतुर्थांशांहून जास्त वस्ती काळ्या लोकांची असलेल्या शहराची ही परंपरा २०२३ च्या जानेवारीत तुटली.

यात ठाणेदारांनी काही गैर केलं असं नाही. काँग्रेसचा नकाशा त्या खटल्यात नव्हताही. प्रायमरीत नऊ उमेदवार होते, काळ्या मतदारांची मतं अनेकांत विभागली, ठाणेदारांनी प्रचारात स्वतःचा भरपूर पैसा घातला आणि सुमारे २८ टक्क्यांवर ते जिंकले. नियमाप्रमाणेच. पण दुसऱ्याच्या रेषेत अडकलेल्या गावाचं दुःख काय असतं, हे बेळगावचं नाव घेतल्यावर ज्यांना समजावून सांगावं लागत नाही, त्या आपल्याला डेट्रॉइटचं ते वाक्य निदान ऐकू तरी यायला हवं होतं. योगायोग असा, की त्याच निवडणुकीत मिशिगनमधून एक काळा खासदार निवडून आला, जॉन जेम्स. पक्ष रिपब्लिकन. मतदारसंघ मुख्यतः मॅकोंबचा.

२०२४ साठी हाउसचे डेट्रॉइटमधले मतदारसंघ पुन्हा आखले गेले. त्या वर्षी रिपब्लिकनांनी हाउस ५८-५२ असं परत घेतलं, पण ते डेट्रॉइटमुळे नाही. त्यांनी हिसकावलेल्या चार जागा बघा. एक मॅकोंबची, एक डेट्रॉइटच्या दक्षिणेकडच्या नदीकाठच्या कारखानदार उपनगरांची, एक बॅटल क्रीकची, आणि एक वरच्या द्वीपकल्पातल्या मार्केटची. तिथे निवडून आला टीव्हीवर वर्षानुवर्षं हवामान सांगणारा माणूस. चारही ठिकाणी कामगारवर्ग डेमोक्रॅटांपासून दूर गेलेला. रेषा कुणीही लबाडीनं आखलेल्या नव्हत्या. डिअरबॉर्नमध्ये तर गाझाच्या रागात अरब मतदार पांगले आणि ट्रम्प पहिले आले. १९६० च्या मॅकोंबमध्ये जसं कुणाला १९८४ दिसलं नव्हतं, तसंच हे.

२०२५ मध्ये टेक्सासनं जनगणनेची वाट न बघता नकाशा मधेच बदलला, रिपब्लिकनांना काँग्रेसच्या पाच जागा वाढवून घ्यायच्या म्हणून. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये उलट दिशेनं तसंच उत्तर दिलं. टेक्सासच्या नव्या जागांपैकी काही दक्षिणेतल्या लॅटिनो मतदारांवर अवलंबून आहेत. २०२४ मध्ये ते ट्रम्पकडे वळले, ते तिथेच राहतील असं धरून रेषा ओढल्या आहेत. २०११ मध्ये ओकलंडबद्दल असंच धरलं होतं.

मिशिगनच्या सिनेटचा दुरुस्त नकाशा कोर्टानं २०२४ च्या जुलैत मान्य केला, पण सिनेटची निवडणूक चार वर्षांनी होते. त्यामुळे घटनाबाह्य ठरलेल्या रेषांवर निवडून आलेले सिनेटर आपली मुदत पूर्ण करत आहेत. सगळ्या ३८ जागा नव्या रेषांवर लढवल्या जातील त्या २०२६ च्या नोव्हेंबरात. तुमचं मत तिथे असेल तर आपला मतदारसंघ बदललाय का ते आधी तपासा, आणि एट माइलच्या अलीकडे राहत असाल तर नोव्हेंबरची नाही, ऑगस्टची तारीख लक्षात ठेवा.